लीलाबाईंचा गालिचा

साखरपुड्याच्या सकाळी काटकरांच्या घरात वाद पेटला तो एका टाक्यावरून. तो वाद कुजबुजतच घालावा लागला, कारण पलीकडे सोप्यात साखरपुड्यासाठी आलेले आप्पांचे थोरले भाऊ कोंडीबा आबा दिवाणावर जागे होते, आणि वयाने त्यांचे कान मंद केले असले तरी कुजबूज त्यांना अचूक ऐकू येत असे.

"आप्पा, एकच टाका हाय," क्रांती सासऱ्यांना म्हणाली. "बसा खाली आन् घालून मोकळं व्हा. पावणं माधवनगरातनं कवाच निघालं."

"घातला असता. पर त्यो माझा न्हाई."

"समदा गालिचा तुमचा, आन् टाका तेवढा तुमचा न्हाई?"

"न्हाई."

सुभेदार ज्ञानदेव काटकर पलटणीतून घरी आले त्याला एक पिढी लोटली होती; तरी नकार देताना त्यांची हनुवटी अजून कवायतीच्या मैदानावर असल्यासारखी वर जाई. क्रांतीने त्या हनुवटीकडे पाहिले आणि नजर खाली गालिच्याकडे वळवली.

गालिचा दोघांच्या मध्ये माजघराच्या फरशीवर पसरलेला होता. गोणपाटाच्या विणीतून लोकरीचा धागा आकड्याने खालून वर ओढायचा, त्याचा हरभऱ्याएवढा वळसा वर उभा ठेवायचा आणि त्याला खेटून दुसरा ओढायचा, अशी ही कारागिरी; त्या एका वळशाला या घरात टाका म्हणत. जुने स्वेटर, मफलर, कानटोप्या उसवून काढलेल्या लोकरीचे असे असंख्य टाके दाटीने उभे राहिले की खालचे गोणपाट नाहीसे होई आणि हात ठेवला तर कोवळ्या गवतावर ठेवल्यासारखे वाटे. या गालिच्यावर नांगरलेल्या रानाचा काळसर तांबडा होता, वाळल्या पाचटाचा पिवळा होता आणि एका कोपऱ्यात पांढरा. त्या पांढऱ्यात गोणपाटाचा एक तपकिरी ठिपका उघडा राहिला होता. लक्ष नसेल त्याला तो दिसला नसता. पण क्रांतीला सकाळपासून दुसरे काही दिसतच नव्हते.

या ठिपक्याला इतिहास होता. काटकरांच्या घरातून बाहेर गेलेला प्रत्येक गालिचा आप्पांच्या पत्नी लीलाबाईंचा म्हणून गेला. कोरेगावात, साताऱ्याच्या महिला प्रदर्शनात, सोयऱ्याधायऱ्यांत त्यांचेच नाव झाले. वस्तुस्थिती अशी की त्यांतला प्रत्येक टाका आप्पांनी घातला होता, एक सोडून. शेवटचा टाका लीलाबाई घालीत. "माजा एक हात लागू द्या त्याला," त्या म्हणत, "म्हंजे कुणी इचारलं, तुमी केला का, तर व्हय म्हनताना जीभ अडखळायची न्हाई." खोट्याला खऱ्याचे एवढेसे ठिगळ लावून ती बाई इतकी वर्षे निभावून गेली होती. मग गेल्या वर्षी पक्षाघात झाला. मिरजेच्या दवाखान्यातून त्या परत आल्या त्या उजवा हात आणि बहुतेक सारे शब्द तिथेच ठेवून. आप्पांनी गालिचा मात्र थांबवला नाही. पावसाळ्यात, सुगीत, उन्हाळ्यात लोकर घामाने बोटांना चिकटत असतानाही त्यांचा आकडा चालू असे; बारमाही विहिरीसारखा तो छंद होता. नातीच्या साखरपुड्यासाठी गालिचा पुरा झाला, आणि शेवटचा ठिपका त्यांनी, नेहमीप्रमाणे, बायकोसाठी सोडला.

क्रांती या घरात नवी आली तेव्हा सासूने तिला चुलीपाशी बसवून सांगितले होते, "आपल्या घरात एक गोष्ट हाय, ती माहेरी सांगायची न्हाई." दारू असेल, वेड असेल, दुसरे घर असेल, असे काय काय तिच्या मनात आले. निघाले ते आकडा आणि लोकर. ती हसली होती. सासू हसली नव्हती.

आता ती हसत नव्हती, कारण या खेपेचे खोटे तिचे स्वतःचे होते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला वराची आई पल्लवीताई आतल्या खोलीत लीलाबाईंना भेटायला आल्या आणि त्यांनी चौकटीवर ताणलेला हा गालिचा पाहिला. "हा कुणी केला?" असे त्यांनी विचारले, तेव्हा शेजारी लीलाबाई निर्जीव हात मांडीवर घेऊन बसलेल्या. क्रांतीच्या तोंडून निघून गेले: "आत्याबाईंनीच. आजाराच्या आधी. कोपरा तेवढा ऱ्हायला." पल्लवीताईंचे डोळे पाणावले होते. त्या सांगलीत महिला मंडळ चालवीत. कलेची त्यांना खरीच कदर होती. क्रांतीला त्या डोळ्यांची आठवण आजही नकोशी वाटत होती.

"काय ठरलं?" असे म्हणत क्रांतीचा नवरा जयराज आत आला. नवा कडक सदरा, कपाळावर घाम. गावच्या सोसायटीचा चेअरमन म्हणून तो चारचौघांत मोठ्याने बोलत असे. घरात या एका विषयावर त्याचा आवाज लहानपणापासून खालीच होता.

"आप्पा टाका घालत न्हाईत."

"आप्पा, आवं पहिल्याच दिशी सोयऱ्यांना आपलं खोटं घावलं, तर उद्या पोरीचा कोणचा शबुद ती खरा धरतील?"

"मग खरं सांग," आप्पा म्हणाले.

"मी सांगू?"

आप्पा गालिच्याची कड सरळ करू लागले. सांगायचे कुणी, हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारला नव्हता.

"अंकिता काय म्हनती?" जयराजने विचारले.

"मी म्हणते, सांगून टाका." अंकिता केसांत गजरा अडकवीत दारात उभी होती. "पण माझं या घरात ऐकतंय कोण? ह्या गालिच्यावर मला बसायचंय, कारण माझ्या आजोबांनी केलाय. आणि ते मला बोलता यायचं नाही."

"ह्या कोपऱ्यावर पाट मांडा," जयराज निर्णय दिल्यासारखा म्हणाला. "झाकून जाईल."

आणि या तोडग्याला कुणीच विरोध केला नाही. झाकणे हे त्या घराला इतके अंगवळणी पडले होते की त्याचे कुणाला वैषम्य वाटत नसे.

*

जयराज मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांची वाट पाहत उभा राहिला, आणि घसा खाकरावा असे त्याला उगाच वाटू लागले. ही त्याची जुनी खोड होती, आणि तिचे मूळ त्याला पक्के ठाऊक होते.

तो लहान असताना उंबऱ्यावर बसणे हे त्याचे काम होते. आत आप्पा चौकट गुडघ्यांवर घेऊन बसलेले. शेजारी आई धान्य निवडत. वाटेने कुणी घराकडे वळले की जयराजने खोकायचे. खोकला ऐकताच चौकट आप्पांच्या गुडघ्यांवरून आईच्या गुडघ्यांवर जाई, आकडा आईच्या हातात येई, धान्याचे सूप बाजूला सरके, आणि माणूस आत येईतो आप्पा खाटेवर पडून वर्तमानपत्र वाचत असत. इतक्या सफाईने की एकदा वर्तमानपत्र उलटे होते तरी पाहुण्याला संशय आला नाही. जयराजला तेव्हा तो खेळ वाटे. शाळेतली मुले, "तुझा बा सुभेदार न्हवं? त्यानं किती शत्रू मारलं?" असे विचारीत, तेव्हापासून तो खेळ राहिला नाही.

यात शत्रूचा काही संबंध नव्हता. बर्फातल्या चौकीवर आप्पांच्या डाव्या पायाची बोटे गेली. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात महिनेच्या महिने पडून असताना कुणीतरी जवानांच्या हातांत आकडे आणि गोणपाट दिले, मन थाऱ्यावर राहावे म्हणून. इतरांनी पाय बरे होताच ते टाकून दिले. आप्पांनी छत्रीची काडी घासून स्वतःचा आकडा केला, त्याला पेरूच्या लाकडाची मूठ बसवली आणि तो घरी आणला. पहिल्याच आठवड्यात अंगणात ऊसतोडीची माणसे बसलेली असताना थोरल्या भावाने, कोंडीबाने, त्यांना त्या कामात गुंतलेले पाहिले आणि ओसरीवरूनच हाक घातली, "लीले, तुजं एक लुगडं आण गं! ह्या सुभेदारणीला नेसव!"

सगळे अंगण हसले. आप्पा उठून आत गेले. मागून लीलाबाई आल्या, त्यांनी चौकट उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "म्हना माजं हाय." आप्पांनी तसेच म्हटले.

हे सारे जयराजला आईने सांगितले होते, आप्पांनी नव्हे. बापाबद्दल त्याला जी लाज वाटे ती आकड्याची नव्हती, अशी तो स्वतःची समजूत घालीत असे. ती लपण्याची होती. पण लपवणारा पहारेकरी तोच होता, म्हणून त्या लाजेचा दावा त्याला कुणावर लावता येत नव्हता.

गाड्या आल्या. "या, या, जगदाळेसाहेब! रस्ता कसा होता?"

"रस्ता झ्याक. पण तुमच्या कोरेगावच्या चौकात बैलगाडीपाठी बैलगाडी," वराचे वडील वीरधवल जगदाळे हसत उतरले. "म्हटलं, सुभेदारांनी आम्हाला अडवायला नाकाबंदी लावली काय!"

जयराज हसला, आणि खाकरला.

*

लीलाबाईंना खुर्चीवर बसवून बायकांच्या बाजूला आणले होते. समोर पाटावर अंकिता आणि नवरदेव विश्वजित, पाटांखाली गालिचा, पलीकडे पुरुषांची बैठक, आणि पुरुषांत सर्वांत मागे, दाराला पाठ लावून, आप्पा. कोंडीबा आबांना मानाची जागा होती. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरून तिच्यावर हनुवटी टेकवली होती.

साखरेचा पुडा झाला, अंगठ्या झाल्या. मग पल्लवीताई पदर सावरून उठल्या. त्यांच्या हातात ताट होते. ताटात हिरव्या इरकली लुगड्याची घडी, खण, नारळ, हळदीकुंकू.

"हे अंकिताचं नाही हं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अंकिताचं झालं. हे आजींचं. लेकाच्या सासरची आजी म्हणून नव्हे. आमच्या सांगलीत पाहुण्यांकडे दोन गालिचे आहेत, त्यांच्या दारात मी ओळखायचे, हा लीलाबाईंचा हात. त्या हाताची मालकीण आज सोयरी झाली. आजी, ओटी घ्या."

खण-नारळासह इरकल लीलाबाईंच्या मांडीत आली. तिचा थंडगार काठ डाव्या हाताला लागला, आणि त्या हाताला पळून जावेसे वाटले.

लीलाबाईंवर अन्याय झाला, असे कुणी म्हणेल. त्या स्वतः असे कधी म्हणाल्या नसत्या. चौकट त्यांनी नवऱ्याची लाज झाकण्यासाठी मांडीवर घेतली, हे खरे. पण पुढे कौतुक येऊ लागले आणि त्या कौतुकाची त्यांना गोडी लागली, हेही तितकेच खरे. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका विचारीत, "लीलाबाई, ह्यो पांढरा कोपरा कशाचा वं?" आणि त्या सांगत, "कापसाचं रान हाय." भिंतीपलीकडे आप्पा ऐकत असत. तो बर्फ होता. प्रत्येक गालिच्यात कुठेतरी तो येईच, आणि प्रत्येक वेळी लीलाबाई त्याचा कापूस करीत. एकदा तर कुणी विचारले, "सुभेदार कायबी हातभार लावत न्हाईत व्हय?" तेव्हा बायकांना हसवण्यासाठी त्या म्हणाल्या होत्या, "त्यास्नी? सुईत दोरा ववता येत न्हाई!" किती हसल्या होत्या सगळ्या. त्या रात्री आप्पांनी नेहमीप्रमाणे शेवटचा ठिपका त्यांच्यासाठी सोडला. लीलाबाईंनी तो टाका घातला होता. तो घालायला हात कसा धजला, हे त्यांना आजवर कळले नव्हते.

"आणि आता जरा गालिचा नीट बघू दे मला," पल्लवीताई म्हणत होत्या. "अंकिता, पाट थोडा सरकव गं."

"असू दे की, नंतर," क्रांती घाईने पुढे झाली.

"नंतर जेवणाची पंगत बसेल. सरक गं." पाट सरकला. पल्लवीताई वाकल्या, त्यांनी पांढऱ्यावरून हात फिरवला आणि बोट थांबले. "अगंबाई! इथं एक राहिलाय की!"

बायका गोळा झाल्या. कौतुकाचा हशा झाला. पल्लवीताईंचा चेहरा उजळला. जे घडणार ते लीलाबाईंना त्या चेहऱ्यावरच दिसले, आणि नको म्हणायला शब्द शोधेपर्यंत वेळ गेली.

"क्रांतीताई म्हणाल्याच होत्या, आजारामुळं थोडं राहिलं. एवढंच राहिलं होय! आजी, हा आज तुमच्याच हातानं. डावा हात चालतोय ना? तेवढ्यानं होईल. आकडा कुठाय हो?"

आकडा कुठे होता, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होते. क्रांती शोधण्याचे निमित्त करून दाराकडे गेली. आप्पांनी बंडीच्या खिशातून तो काढला आणि कुणाला दिसणार नाही असा, दाराच्या फळीआडून, सुनेच्या हातात ठेवला. पेरूची मूठ उबदार होती. क्रांतीने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनीही वर पाहिले नाही.

अंकिता-विश्वजितचे पाट मागे सरकवून गालिचा लीलाबाईंच्या मांडीवर, इरकलीवर, ठेवण्यात आला. "न्हा... न्हा..." त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना तो विनय वाटला. लोकरीचे टोक एका मुलीने खालून धरले. लीलाबाईंनी डाव्या हाताने आकडा धरला. तो हात आकड्याचा नव्हताच. आणि उजवा तरी होता का? आकडा ठिपक्यात शिरला, शेजारच्या टाक्यात अडकला. त्यांनी ओढले. टाका सुटला, त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आणि घाबरून त्यांनी हात वर उचलला तसा पांढऱ्या लोकरीचा लांब धागा आकड्याबरोबर वर आला. बर्फाची एक अख्खी रांग गोणपाटावरून निघून गेली होती.

"राहू द्या, राहू द्या आजी," पल्लवीताईंनी चटकन त्यांचा हात धरला.

"आजारानं हातातली कला नेली बगा," मागून एक बाई हळूच म्हणाली.

"केवढा हात हुता! आन् आज एक टाका पडंना."

"देवाच्या घरचा न्याय."

लीलाबाईंच्या ओठांना लाजेने कंप सुटला, पण अर्ध्याच. उरलेला अर्धा चेहरा, दगडासारखा, समोर पाहत राहिला. जे त्यांचे कधी नव्हते ते गेल्याबद्दल सगळे हळहळत होते, आणि ती हळहळ त्यांना ओटीसारखी पदरात घ्यावी लागत होती.

*

आप्पा उठले. का उठलो हे त्यांना उठल्यावर कळले. बोटांविना असलेला पाय फरशीवर आधी अडखळला, मग स्थिर झाला.

"त्या हातातनं कला बिला काय गेली न्हाई," ते म्हणाले.

जयराज खोकला.

तो जुनाच खोकला होता: कोरडा, दोनदा. इतक्या वर्षांत त्या खोकल्याला आप्पांनी एकदाही न जुमानले असे झाले नव्हते. त्यांचे हात आपोआप रिकामे व्हायला निघाले, आणि रिकामे करण्याजोगे त्यांत काहीच नाही हे त्यांना जाणवले.

"तिच्या हातात ती कवाच नव्हती," ते पुढे म्हणाले. "गालिचं मी करतो. पहिल्यापासनं. ह्योबी मीच केलाय."

मग कोंडीबा आबांनी काठीवरची हनुवटी उचलली आणि ते मनापासून हसले.

"वा रं ज्ञानू! बायकूची लाज राखतूस व्हय? राख, राख. पर थाप तरी पचंल अशी मार, गड्या! तुला सुईत दोरा ववता येत न्हाई, लीलाच सांगायची समद्या गावाला!"

मांडवभर हशा पिकला. त्यात दुष्टावा नव्हता. वीरधवलराव तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात जोडा! विश्वजित, शीक, शीक. सुभेदारसाहेब, मानलं तुम्हाला." पल्लवीताईंनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी टाळीही वाजवली.

आप्पांनी पलटणीत मानपान पाहिले होते, पण अशी टाळी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. आयुष्यात एकदा खरे बोलले, आणि तेवढ्यावर त्यांना थोर मनाचा खोटारडा ठरवण्यात आले. ही शिक्षा नेमकी त्यांच्याच मापाची होती. तिच्याविरुद्ध दाद मागायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. शब्द सगळे त्यांनी स्वतःच, बायकोच्या मार्फत, आधी खर्चून टाकले होते.

"त्यो कापूस न्हाई," ते एवढेच म्हणाले. "बरफ हाय त्यो."

कुणाला ते कळले नाही. लीलाबाईंना कळले. त्यांनी आकडा पुढे केला. पांढरा धागा अजून त्याला लोंबत होता.

"घाला," त्या म्हणाल्या. आजारानंतर इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

आप्पा पुरुषांच्या बैठकीतून चालत बायकांच्या बाजूला गेले. हे अंतर फार नव्हते. लीलाबाईंच्या खुर्चीपुढे ते खाली बसले, गालिचा त्यांनी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, उलगडलेला धागा बोटावर गुंडाळला आणि डावा हात गोणपाटाखाली घातला. आकडा आत गेला. वर आला तो वळसा घेऊन. पुन्हा गेला. मांडवात अजून कुणी हसत होते. पुन्हा वर आला. त्यांना वर पाहायचे धैर्य नव्हते, आणि या कामात वर पाहावे लागत नाही. टाक्याला टाका खेटून उभा राहू लागला, मघाशी उघडे पडलेले गोणपाट पुन्हा झाकले जाऊ लागले, आणि हशा एकेका तोंडातून विझत गेला, शेवटी कोंडीबा आबांच्या.

पल्लवीताईंनी सावकाश मान वळवली. "क्रांतीताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर मला..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. पुरे केले असते तर क्रांतीला काही उत्तर देता आले असते. ती खांबाला धरून उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मांडवाच्या तोंडाशी जयराज होता. त्याने एक हात तोंडावर घट्ट धरला होता, जणू खोकला अजून आत आहे आणि सुटला तर सगळे परत झाकावे लागेल.

रांग भरली. शेवटचा ठिपका उरला तिथे आप्पांचा आकडा सवयीने थांबला. त्यांनी तो मूठ पुढे करून लीलाबाईंसमोर धरला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डाव्या हाताने मांडीवरची इरकल चाचपली, तिची घडी मुठीत न मावणारी, म्हणून ती ढकलत, ओढत गुडघ्यापर्यंत आणली, आणि खाली बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर सोडली. नारळ घरंगळत गेला. हिरवे लुगडे सुभेदारांच्या पांढऱ्या धोतरावर पडले.

बाईचे लुगडे चारचौघांत पुरुषाच्या अंगावर टाकणे याचा अर्थ त्या मांडवातल्या लहान मुलालाही ठाऊक होता. कोंडीबा आबांनी काठी उचलली. "ज्ञानू..." त्यांचा आवाज फुटला. ज्या अंगणात त्यांनी ते लुगडे मागवले होते, त्याच अंगणात, इतक्या वर्षांनी, ते आणले गेले होते. आणि आता त्यांना ते पाहवत नव्हते. "उचला रं ते. कुणीतरी उचला."

कुणी उचलले नाही. अंकिताही पाटावरून उठली नाही. आजोबांच्या गालिच्याने सोडलेल्या उघड्या फरशीकडे पाहत ती ताठ बसून राहिली.

"तु... तुमचं," लीलाबाई म्हणाल्या. "तुमचं हाय."

आप्पांनी लुगडे बाजूला केले नाही. त्यांनी त्याची विसकटलेली घडी तळहाताने एकदा सरळ केली, दोन्ही हातांनी ते कपाळाला लावले आणि पुन्हा मांडीवर घेतले. मग त्याच्यावर गालिच्याचा पांढरा कोपरा ओढून त्यांनी शेवटचा टाका, पहिल्यांदाच, स्वतः घातला.

पल्लवीताईंच्या हातात हळदीकुंकवाचे ताट अजून तसेच होते. त्या पुढे आल्या, अडखळल्या. बोट हळदीपर्यंत गेले आणि तिथून मागे आले. शेवटी त्यांनी कुंकू घेतले. टिळा लावण्यासाठी त्यांनी सुभेदारांची मान वर होण्याची वाट पाहिली. ती वर झाली नाही. तेव्हा त्या आपल्या नव्या शालूनिशी फरशीवर खाली बसल्या, आणि झुकलेल्या त्या कपाळापर्यंत हात पोचेल इतक्या खाली वाकल्या.